वाचकांचे प्रश्न : कॅसेट लावायच्या टीव्ही गेमविषयी

घरातील जुन्या विद्युत उपकरणांविषयी आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. रेडिओ आणि टेपरेकॉर्डरविषयी पत्रे येतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे नव्वदच्या दशकातील टीव्ही गेमविषयी आली. त्यामुळे या महिन्याचे सदर केवळ त्या विषयाला दिले आहे.

प्रश्न : १९९६ च्या दिवाळीत वडिलांनी मला टीव्ही गेम आणून दिला. खोक्यावर ओळखीच्या कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते आणि कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले होते. परदेशात वाढलेले माझे सहकारी सांगतात की त्यांच्याकडे ‘निन्टेंडो’ होता. खेळ मात्र तेच होते. मग आमच्याकडे नेमके काय होते? आम्ही नकली खेळ खेळलो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्याकडे जे यंत्र होते त्याचे मूळ जपानमध्ये आहे. निन्टेंडो या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजेच ‘फॅमिकॉम’, या नावाचे यंत्र १४,८०० येन किमतीला बाजारात आणले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने त्याची रचना केली होती. १९८५ मध्ये तेच यंत्र वेगळ्या पेटीत, वेगळ्या आकाराच्या कॅसेटसह अमेरिकेत गेले आणि तेथे ‘एनईएस’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या दोन्ही रूपांत मिळून जगभर सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रे विकली गेली. आपल्या सहकाऱ्यांकडे असलेले यंत्र ते हेच.

आपल्या बाजारात मूळ यंत्र सहजी मिळत नव्हते, आणि मिळाले असते तरी मध्यमवर्गीय घराला ते परवडले नसते. ही जागा नकलांनी भरून काढली. तैवानमधील यूएमसीसारख्या कंपनीने फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांच्या, म्हणजे हिशेब करणाऱ्या आणि चित्र काढणाऱ्या चिपांच्या, बरहुकूम चिपा तयार केल्या; त्यांवर बेतलेली यंत्रे आशिया, पूर्व युरोप आणि दक्षिण अमेरिका येथे वेगवेगळ्या नावांनी विकली गेली. रशियात त्याच कुळातील यंत्राला ‘डेंडी’ म्हणत, आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ ही नावे घरोघरी होती. पुढे दोन्ही चिपा एकाच चिपेत सामावल्या. आपण कधी अशी कॅसेट किंवा यंत्र उघडले असेल, तर हिरव्या पट्टीवर रुपयाएवढा काळा, घट्ट झालेल्या डांबरासारखा ठिपका पाहिला असेल. चिप त्या ठिपक्याखाली असते. मुलांच्या हातातील वस्तूला आपण ‘रिमोट’ म्हणत होतो. मूळ फॅमिकॉमचे रिमोट यंत्राला कायमचे जोडलेले होते आणि त्यांवर ए व बी ही दोनच मुख्य बटणे होती. आपल्याकडील रिमोटवर आणखी दोन बटणे असत, जी दाबून धरली की गोळ्या आपोआप सुटत राहत. मूळ यंत्राच्या रिमोटवर ही सोय नव्हती, आणि आमच्या पिढीचा अंगठा तिच्यावरच वाढला.

कॅसेटवरील लाखोंच्या आकड्याविषयी मात्र स्पष्टच सांगितले पाहिजे की तो आकडा खोटा होता. आत मोजकेच खेळ असत. तेच खेळ यादीत पुन्हापुन्हा येत. कोठे तिसऱ्या लेव्हलपासून सुरुवात, कोठे जास्त लाइफ, कोठे आधीच हातात मोठी बंदूक, आणि प्रत्येकाला निराळे नाव. लहानपणी ती यादी शेवटपर्यंत पाहण्याचा प्रयत्न करून थकलेली अनेक माणसे मला भेटली आहेत.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी दोन भागांत देईन. पेटी नकली होती, आणि मूळ कंपनीला व कलावंतांना त्यातून काही मिळाले नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु आत चालणारा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला, कोजी कोंडो यांच्या संगीताचा, १९८५ सालचाच खेळ होता. तो खड्डा कोठे येतो, कोणत्या विटेत फूल आहे आणि कोणत्या नळातून खाली जाता येते, हे कोल्हापुरातील मुलाला आणि क्योतोतील मुलाला सारखेच पाठ होते. आपण खेळलेला खेळ खराच होता.

प्रश्न : इंटरनेटवर मारिओचे संगीत ऐकले की ते मला फार घाईचे वाटते. माझ्या आठवणीतली चाल संथ आहे. धाकटा भाऊ म्हणतो की लहानपणीच्या सगळ्याच गोष्टी आठवणीत बदलतात. तो म्हणतो ते खरे आहे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : बहुधा आपली आठवण बरोबर आहे, आणि हे उत्तर आपण भावाला जरूर दाखवावे. आलेल्या सर्व पत्रांमध्ये मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला.

जपान आणि अमेरिका येथील टीव्हीवर त्या काळी सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र रंगवले जात असे. भारतात पाल ही पद्धत होती आणि तिच्यात सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवले जाई. या यंत्रांवरील बहुतेक खेळांचा सारा कारभार चित्राच्या ठेक्यावर चालत असे : एक चित्र पूर्ण झाले की मारिओ एक पाऊल पुढे सरकणार, शत्रू एक पाऊल पुढे सरकणार आणि संगीताचीही एक मात्रा पुढे जाणार. जपानी ठेक्यासाठी लिहिलेला खेळ पाल पद्धतीच्या यंत्रावर चालवला की सगळेच पाच-षष्ठांश गतीने चालते. मूळ यंत्रावर एका मिनिटात संपणारी चाल आपल्याकडे १ मिनिट १२ सेकंद चालत होती. सुराची उंची चिपेच्या स्वतःच्या ठेक्यावर अवलंबून असल्यामुळे ती जवळजवळ तशीच राहत होती; म्हणून चाल ‘बिघडलेली’ न वाटता नुसती संथ वाटत होती.

आपल्याकडील सगळीच यंत्रे पाल पद्धतीची नव्हती. काहींच्या घरी रंगीत टीव्हीवरही गेम कृष्णधवल दिसत असे; त्याचे नेहमीचे कारण हे की यंत्र परदेशी पद्धतीचे होते आणि टीव्हीला त्यातील रंगाची खूण वाचता येत नव्हती. आपल्या घरी चाल संथ होती आणि चित्र रंगीत होते, एवढ्यावरून आपले यंत्र पाल पद्धतीचे होते असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. तीस वर्षांनंतरही कानाने हा फरक धरून ठेवावा, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

प्रश्न : नातीला बदकांचा खेळ दाखवावा म्हणून माळ्यावरून टीव्ही गेम आणि बंदूक काढली. नव्या सपाट टीव्हीवर खेळ दिसतो, पण एकही बदक पडत नाही. बंदूक खराब झाली असेल का? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : बंदूक चांगली असण्याची शक्यता अधिक आहे, अडचण टीव्हीची आहे. ‘डक हंट’च्या त्या बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. तिच्या नळीत भिंग आणि प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग बसवलेला असतो, म्हणजे ती बंदूक नसून डोळा आहे. आपण चाप ओढताच यंत्र एका चित्रापुरता सारा पडदा काळा करते आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवते. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला असे यंत्र मानते. दोन बदके असतील तर दोन चौकोन एकापाठोपाठ एक दाखवले जातात, आणि उजेड कोणत्या क्षणी दिसला यावरून कोणते बदक पडले ते ठरते. आधीचा अंधार तपासण्याचे कारण असे की, त्यावाचून दिव्यावर बंदूक रोखूनही बदके पाडता आली असती. (आमच्या चाळीतील मुलांनी तो प्रयोग करून पाहिला होता.)

हे सगळे सेकंदाच्या अगदी लहान अंशात घडते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत यंत्राने पाठवलेला ठिपका त्याच क्षणी उजळतो. सपाट टीव्ही मात्र आलेले चित्र आधी साठवतो, त्याचा आकार बदलतो आणि मग दाखवतो. तोपर्यंत बंदुकीची तपासणी संपलेली असते. शिवाय ट्यूबवरील प्रकाश ज्या वेगाने लुकलुकतो तोच ओळखण्यासाठी बंदुकीतील जोडणी केलेली असते, आणि सपाट पडद्याचा प्रकाश तसा लुकलुकत नाही. कोणाकडे ट्यूबचा टीव्ही चालू स्थितीत असेल, तर नातीला घेऊन तेथेच जावे. एका बदकाच्या खेळात दुसऱ्या माणसाला रिमोटने बदक हवे तसे उडवता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. आपण बदक उडवावे आणि नातीने नेम धरावा.

प्रश्न : कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारत होतो. त्याने खरोखर काही होत होते का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : फुंकरीने नव्हे, कॅसेट काढून पुन्हा लावल्याने काम होत होते. पुन्हा बसवताना धातूचे दाते नव्या जागी घासले जातात आणि जोड जुळतो. फुंकरीतील ओलावा मात्र त्या दात्यांवर बसून कालांतराने ते काळवंडवतो. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दाते पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत.

प्रश्न : ‘कॉन्ट्रा’मध्ये दोघे भाऊ पुढे गेलो की शत्रू आणि गोळ्या लुकलुकू लागत. वडिलांना वाटे की टीव्ही बिघडला. आणि तीस लाइफची युक्ती नेमकी कोणाची? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : टीव्ही ठीक होता. पडद्यावरील हलत्या वस्तू लहान तुकड्यांनी बनलेल्या असतात आणि या यंत्राला एका आडव्या ओळीत असे आठच तुकडे दाखवता येतात. दोन शिपाई, चार शत्रू आणि पसरणाऱ्या गोळ्या एका ओळीत आल्या की आठाची मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी खेळ लिहिणारे प्रत्येक चित्रात तुकड्यांचा क्रम बदलत असत, म्हणजे एकच वस्तू कायमची नाहीशी न होता सगळ्या आळीपाळीने दिसत. आपल्याला लुकलुकणे दिसत होते ते यामुळे. अडचणीतून काढलेली ही वाट मला फार सुंदर वाटते. मारिओचा संपूर्ण खेळ, बत्तीस लेव्हलसह, अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे, आणि त्यातील ढग आणि झुडूप हे एकच चित्र असून फक्त रंग बदललेला आहे, हे कळल्यावर मी जुनी कॅसेट पुन्हा लावून खात्री करून घेतली होती.

तीस लाइफची युक्ती म्हणजे वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो यांनी बटणांचा हा क्रम आधी १९८६ च्या ‘ग्रेडियस’ या खेळासाठी घातला, कारण खेळ तपासताना तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता; त्याच कंपनीच्या ‘कॉन्ट्रा’मध्ये तो पुढे तीस लाइफसाठी आला. हाशिमोतो २०२० मध्ये निवर्तले.

प्रश्न : यंत्र पंचवीस वर्षे बंद आहे आणि अॅडाप्टर हरवला आहे. घरात असलेला कोणताही लावला तर चालेल का? (एक वाचिका, मडगाव)

उत्तर : कृपया लावू नये. यातील बऱ्याच यंत्रांना ९ व्होल्टचा डीसी अॅडाप्टर लागतो, परंतु पिनच्या आत धन आणि बाहेर ऋण की याच्या उलट, हे यंत्रागणिक वेगळे असते, आणि उलटा जोड दिल्यास चिप जळू शकते. यंत्राच्या तळाशी छापलेली खूण वाचावी. ती पुसली असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्यावे. पंचवीस वर्षांत कपॅसिटर फुगलेले असू शकतात, तेही त्याच वेळी पाहून होईल.

प्रश्न : माझा मोठा भाऊ आता नाही. रणगाड्यांच्या खेळात तो स्वतः नकाशे तयार करत असे आणि मग आम्ही दोघे त्यात खेळत असू. ती कॅसेट मी जपून ठेवली आहे. त्यात त्याचे नकाशे असतील का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : हे लिहिताना वाईट वाटते, पण नाही. नामकोच्या १९८५ सालच्या ‘बॅटल सिटी’मध्ये तयार केलेला नकाशा कॅसेटमध्ये नव्हे, तर यंत्राच्या दोन किलोबाइटच्या तात्पुरत्या मेमरीत राहत असे, आणि बटण बंद करताच तो पुसला जात असे. आपल्या दादाने प्रत्येक वेळी तो नव्याने, आठवणीतून बांधला असणार.

तसाच तो आताही बांधता येईल. त्या खेळाचे मैदान आडवे तेरा आणि उभे तेरा घरांचे आहे. चौकटीच्या कागदावर तेवढी घरे आखावीत. खालच्या ओळीत मधोमध गरुड असतो, तो आधी मांडावा, म्हणजे भोवतालच्या विटा आठवू लागतील. मग पोलाद, पाणी, झाडी आणि बर्फ यांतील जे जेथे आठवेल ते भरत जावे. कॅसेट चालू होत असेल तर पहिल्या पडद्यावर ‘कन्स्ट्रक्शन’ निवडून तोच नकाशा मांडावा, आणि यंत्र बंद करण्यापूर्वी पडद्याचा फोटो काढून ठेवावा.