आधी बूड बसू दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल सोमवारी पोचलं. क्रोशाचा हत्ती आणि बांबूची परडी, दोन्ही खिडकीत ठेवलीत आणि येता-जाता बघतेय. हत्ती डावीकडे कलतो. परडी डुगडुगते, आणि रोज सकाळी तिच्याखाली चिमूटभर पिवळसर भुकटी साठलेली असते. दिवाळीआधी पन्नास हत्तींची ऑर्डर आली आहे, घेऊ का, असं तू विचारलंयस. त्याकडे येतेच, पण आधी या दोघांना हातात घेऊ.

क्रोशा मला आईनं शिकवला. बांबू मी चाळिशी गाठल्यावर शिकले, एका बुरूड बाईंकडे. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. आक्कांकडे पहिले दोन महिने मी नुसती बुडं विणली. बूड विणून झालं की त्या ते शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवायच्या आणि एका कडेला अंगठा दाबायच्या. समोरची कड उचलली गेली की काही न बोलता माझ्याकडे परत सरकवायच्या. मी उसवायची, पुन्हा विणायची. ज्या दिवशी कड हलली नाही, त्या दिवशी त्यांनी उभ्या कांबी वर कशा वळवायच्या ते दाखवलं. त्या दोन महिन्यांत जे कळलं ते नंतर क्रोशातही तसंच्या तसं उपयोगी पडलं, म्हणून तुला सांगतेय.

खेळणं आणि टोपली एकाच रीतीनं वाढतात. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळायच्या फासात, सहा मुके खांब, म्हणजे आखूड टाके, पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे बारा, मग अठरा, चोवीस, तीस. दर फेरीत सहा वाढले की चकती सपाट पडते. कमी वाढवले तर तिची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर येते. आणि वाढवायचं थांबवलंस की पुढच्याच फेरीपासून भिंत उभी राहू लागते. टोपलीतही मधून बाहेर विणत जायचं, बूड पुरेसं झालं की कांबी वर वळवायच्या. भिंत कशी येणार हे सगळं बुडातच ठरलेलं असतं. वर कितीही सफाई केलीस तरी खालचा दोष झाकत नाही, उलट उंची वाढेल तसा तो वाढतो.

तुझ्या हत्तीच्या चारही पायांचे तळवे मी भिंग लावून मोजले. तीन पायांत तीस टाके आहेत, मागच्या डाव्या पायात अठ्ठावीस. कुठल्या तरी फेरीत दोन जागी वाढवायचं राहिलं. दोनच टाके, पण सगळं अंग त्या बाजूला झुकलं. गोल गोल सलग विणताना फेरी कुठे सुरू झाली ते डोळ्याला कळत नाही, म्हणून पहिल्या टाक्यात दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवत जा आणि प्रत्येक फेरीअखेर मोज. टीव्ही बघत विणायचं असेल तर शरीराच्या सरळ फेऱ्या ठेव त्या वेळेसाठी, तळवे कधीच नको. सुईही एक नंबर बारीक घे. तुझ्या विणीतून आतला पांढरा कापूस डोकावतोय. भरतानाही तू मोठे गोळे कोंबलेयस. कापूस चिमटीनं, विंचरून भर, आणि मान सगळ्यात घट्ट, नाहीतर महिनाभरात डोकं लटकतं.

एक गोष्ट मात्र मी खपवून घेणार नाही. डोळे म्हणून तू काळे मणी शिवलेत. मी एक ओढून बघितला, तिसऱ्या हिसक्याला तो माझ्या बोटांत आला. हे खेळणं वर्षाच्या बाळाकडे जाणार. बाळ ते हातात घेणार म्हणजे तोंडात घालणार, आणि हा मणी त्याच्या श्वासनलिकेत अडकण्याएवढाच आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी डोळे दोऱ्यानंच भरायचे. मणी नाही, बटण नाही, मागून चकती लावून अडकवायचे प्लॅस्टिकचे डोळेही नाहीत. पहिला नमुना स्वतः धुऊन, पिळून, वाळवून बघ. रंग जातो का, शिवण सैल होते का ते तुला गिऱ्हाइकाच्या आधी कळायला हवं.

याच संदर्भात एक कागदाचं काम. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि त्यात मऊ खेळणीही येतात. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. त्या नोंदणीचं ओळखपत्र मिळतं, त्याला ‘पहचान’ कार्ड म्हणतात. दुकानात माल ठेवण्याआधी ते काढून घे. घरी विणतेय, मला कोण विचारतंय, असं मनात आणू नकोस.

आता परडी. ती भुकटी म्हणजे तिला घुण लागलाय, बांबू पोखरणारा किडा. उजेडात धरून बघितली, तर सालीच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली. बांबू हे गवत, त्याच्या पोटात पिष्ट असतं, आणि किड्याला तेच हवं असतं. तू बाजारातून जो बांबू आणलास तो भर पावसाळ्यात तोडलेला आणि त्याच वर्षी कोंबातून वर आलेला असणार. असा बांबू चिरायला लोण्यासारखा असतो, म्हणून नवशिक्याला आवडतो, पण सुकताना आकसतो आणि वीण सैल पडते. तुझी परडी डुगडुगते त्याला अर्धं कारण हे आहे. फार जूनही चालत नाही, तो वळवताना तडकतो. दोनेक पावसाळे पाहिलेला बांबू, पाऊस सरल्यावर थंडीत तोडलेला, हा विणायला उत्तम. आक्का अंधाऱ्या पक्षातच तोडायला सांगायच्या आणि मी आजही ते पाळते. तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की पिष्ट बरंचसं धुऊन जातं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवायचीही पद्धत आहे, पण ज्या टोपलीत खाण्याची वस्तू जाणार तिला मी ते लावत नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. बांबू शिकून दोन वर्षं झाली होती तेव्हा एका लग्नासाठी तीस परड्या करून द्यायचं मी कबूल केलं. वेळ थोडा, सुका माल संपलेला. मी ओल्या बांबूच्या केल्या आणि पोचवल्या. लग्नाच्या सकाळी त्या मुलीच्या आईनं मला आत बोलावून टोपली दाखवली. बुडाला काळपट बुरशी, वर मोगरा. ती मला एक शब्द बोलली नाही. पैसे मी परत केले, तरी ते बूड मला अजून दिसतं.

बांबू घ्यायचा तर थेट शेतकऱ्याकडून घे. आमच्याकडे कोकणात बांधावर माणगा लावतात, बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव. पूर्वी स्वतःच्या जमिनीतला बांबूसुद्धा वन कायद्याच्या लेखी झाड होता. २०१७ च्या दुरुस्तीनं जंगलाबाहेरचा बांबू त्यातून वगळला, त्यामुळे शेतकऱ्याला तो तोडणं-विकणं सोपं झालं. आणि बांबूच कशाला? तुझ्या इमारतीच्या मागे माड आहे असं तू म्हणालीस. झावळीची पाती भिजवून विणायला बस. शिंदीचं पान मिळालं तर आणखी चांगलं. हाताला वळण लागेपर्यंत साहित्य फुकट मिळेल ते वापरावं.

तू परडीत पीठ ठेवून बघितलंस आणि ते गळलं म्हणून हिरमुसलीस. अगं, परडी फुलांसाठी असते. प्रत्येक टोपलीची वीण तिच्या कामावरून ठरलेली आहे. रोवळीच्या फटी अशा की तांदूळ धुतल्यावर पाणी जावं आणि दाणा राहावा. कोंबड्या झाकायच्या डालग्याच्या फटी मोठ्या, कारण आत हवा खेळायला हवी. सुपाला पुढच्या बाजूला काठ नाही, तिथून फोलकट उडून जायचं असतं. पीठ ठेवायचं तर सूप असो की टोपली, ती सारवावी लागते. माझी आजी मेथ्या भिजवून वाटायची, त्यात कागदाचा लगदा मिसळायची आणि बोटांनी दाबत दाबत सगळ्या फटी बुजवायची. दोन दिवस उन्हात वाळलं की सूप टणक व्हायचं. ती मेथीच्या कडवट-गोड वासाची सुपं मला अजून आठवतात. तेव्हा पुढची वस्तू करताना पहिला प्रश्न हा विचार, की यात काय ठेवणार. ‘शोभेला’ हे उत्तर आलं तर हात थांबव आणि दुसरं शोध.

गेल्या पत्रात तू टोपली विणायचं शिबिर घ्यायचं म्हणाली होतीस, माणशी १,५०० रुपये. घे, पण शिकवायला तू बसू नकोस. तुमच्या पुण्यात बुरूड आळी आहे. गौरी-गणपतीच्या आधी तिथे जाऊन बस, कोकणात गौरीपुढच्या ओवशासाठी सुपं लागतात त्या दिवसांत हात किती भरभर चालतात ते बघ. तिथल्या एखाद्या ताईंना शिकवायला बोलव, त्यांचं नाव पत्रिकेवर वर छाप आणि जमलेल्या पैशातला मोठा वाटा त्यांना दे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केलं त्यांना गावात मान मिळाला नाही. बाराव्या शतकात बसवण्णांच्या सोबतच्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्तांमध्ये, मेदार केतय्या होते, बांबूच्या टोपल्या विणणं हेच त्यांचं कायक, म्हणजे पूजा मानून केलेलं काम. बुरूड समाज त्यांना आजही पूजतो. आक्कांच्या घरात त्यांची तसबीर होती. मी शिकायचे पैसे देऊ केले तेव्हा आक्कांनी ते मोजून घेतले, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

आता ऑर्डर. तू लिहिलंयस की एका हत्तीला सात तास लागतात आणि दुकानदार २५० रुपये देतोय. सूत, कापूस, भरतकामाचा दोरा धरून ११० रुपये तुझे गेले. उरले १४०. ताशी वीस रुपये. पन्नास हत्ती म्हणजे साडेतीनशे तास, रोज पाच तास विणलंस तरी सत्तर दिवस, आणि तुझी नोकरी चालूच आहे. मनगट दुखायला लागलं की टाके आवळले जातात, आणि मग तळव्यात अठ्ठावीस येतात.

तो दुकानदार म्हणेल की बाहेर याहून स्वस्त मिळतं. मिळतं, खरं आहे. पण एक लक्षात घे. विणकामाची यंत्रं आहेत, क्रोशाचं कारखान्यात चालणारं यंत्र नाही. क्रोशासारखं दिसणारं कापड यंत्रावर निघतं, पण खरा क्रोशा कुठल्याही दुकानात, कितीही स्वस्त दिसला, तरी तो कुणीतरी हातानं घातलेला असतो. स्वस्त आहे म्हणजे त्या हाताला कमी मिळालंय. आंध्रात गोदावरीकाठी नरसापूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि ती परदेशी जाऊ लागली. हजारो बायका घरात बसून विणत आल्या आणि पैसा मुख्यतः व्यापाऱ्यांच्या हातात राहिला, कारण बायकांचं हे काम म्हणजे फावल्या वेळातलं काम असं सगळ्यांनी धरलं. आपल्याकडे वेगळं कुठे होतं? माझ्या आईचे टेबलक्लॉथ तीन मावश्यांच्या रुखवतात मांडले गेले. कौतुक भरपूर झालं. किती रात्री लागल्या हे कुणी विचारलं नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

म्हणून तू सांग. वहीत प्रत्येक हत्तीचे तास लिही. सुरुवातीला ताशी साठ रुपये तरी धर, म्हणजे सात तासांचे ४२०, वर साहित्य, मिळून ५३०. दुकानदाराला ५५० सांग आणि पन्नासऐवजी आठ कबूल कर. अर्धे पैसे आधी घे. ‘विकलं की देतो’ या बोलीवर माल ठेवू नकोस. मी एका दुकानात तसा ठेवला होता, सहा महिन्यांनी उन्हानं विटलेला परत आणला. तो नाही म्हणाला तर नाही. आठ हत्ती तू ओळखीच्या घरांत विकशील, आणि ते कलणार नाहीत.

परडी आज खिडकीतून उचलून, उकळत्या पाण्यातून काढून मी गॅलरीत टांगली आहे. लाकडी कपाटाजवळ तिला ठेवता येत नाही, आणि या श्रावणात ऊन कधी पडेल कोण जाणे. हत्तीचा मागचा डावा पाय मी उसवलाय. सूत गुंडाळून पाकिटात घातलंय, तळवा तुझा तू घाल. दिवाळी झाली की चार दिवसांची रजा काढून ये. शेजारच्या बांधावरचा माणगा तेव्हा तोडायचा आहे, आक्कांची सुरी माझ्याकडेच असते. येताना जाड सुती कपडा आण, बांबूची साल बोट फार खोल कापते.

तुझी,
बाई