जुन्या रॅचेट हँडलचे सुटे पार्ट जळगाव-धुळ्याकडे कुठे मिळतील?

भाऊ, वडिलांच्या पेटीतला अर्धा इंची रॅचेट (नटावरून न काढता पुढे-मागे हलवत नट फिरवायचं हँडल) नट आवळताना नीट धरतो, पण खोलताना कटकट करून घसरतो, आणि दुकानदार ‘नवीनच घ्या’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदारांचं चुकत नाही. रॅचेटच्या पोटातला माल सुटा विकणारं दुकान आपल्या भागात माझ्या तरी पाहण्यात नाही. पण एकाच बाजूने घसरतो, या एका खुणेवरून बरंच कळतं.

दात्यांचं मधलं चाक गेलं असतं तर तो बहुतेक दोन्हीकडे घसरला असता. म्हणजे चाक शाबूत असावं. त्या चाकाला अडवणारी जी छोटी खिटी असते, म्हणजे पॉल, तिचं एक टोक गोल झालंय, नाहीतर तिच्यामागची स्प्रिंग मेलीय. तिसरी शक्यता फुकटातली आहे: आत वाळलेलं ग्रीस आणि काळ्या मातीची धूळ बसून खिटी जागेवर येतच नाही. मी पाचोऱ्याकडे मोटर-पंपाची कामं करतो. ‘तुटला’ म्हणून हातात आलेले बरेच रॅचेट नुसते धुऊन चालू होतात.

तेव्हा आधी खोला. डोक्याच्या मागे झाकण असेल तर त्याला स्क्रू असतात, नाहीतर सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी असते. स्क्रू हलत नसेल तर डिझेल टाकून रात्रभर राहू द्या, मग डोकं न झिजवता इम्पॅक्ट ड्रायव्हरने एक ठोका. झाकण उचलताना हात आणि रॅचेट दोन्ही पारदर्शक पिशवीत ठेवा, कारण आतला छर्रा आणि स्प्रिंग उडाली की खळ्यात शोधत बसावं लागेल. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. डोकं रिव्हेट मारून बंद केलेलं असेल तर मात्र तो रॅचेट दुरुस्तीसाठी बनवलेलाच नाही, त्याच्या मागे लागू नका.

धुऊन बघितल्यावर खिटीचं टोकच झिजलेलं दिसलं, तर एक युक्ती आधी करा. खिटी वर-खाली सारखी असेल तर उलटी करून बसवा. झिजलेलं टोक आवळण्याच्या बाजूला जातं आणि कोरं टोक खोलण्याच्या. जोर खोलतानाच जास्त लागतो, गंजलेल्या नटावर तर विचारूच नका. काही रॅचेटमध्ये दोन वेगळ्या खिट्या असतात, त्यांची अदलाबदल करता येते का बघा. एवढ्यावर हँडल आणखी बरेच दिवस निघतं.

स्प्रिंग आणि छर्रे मिळवणं सोपं. जुन्या सिगारेट लायटरमध्ये गारेखाली जी स्प्रिंग असते ती बारीक आणि कडक असते, कापून लांबी जुळवा. बॉलपेनची स्प्रिंग मऊ पडते. छर्र्यासाठी सायकलवाल्याकडे जा: फ्रीव्हीलमध्ये १/८ इंचाचा, पुढच्या हबमध्ये ३/१६ आणि मागच्या हबमध्ये १/४ इंचाचा छर्रा असतो. जुना छर्रा सोबत न्या, म्हणजे तो डब्यातून जुळवून देईल.

खिटी किंवा चाकच बदलायचं असेल तर पार्ट शोधू नका, त्याच मार्क्याचा दुसरा मोडका रॅचेट शोधा. एकाचं चाक गेलेलं असतं, दुसऱ्याची खिटी, आणि दोन मिळून एक होतो. स्नॅप-ऑन, स्टालविले, गेडोरे यांसारखे परदेशी मार्के दुरुस्ती किट विकतात, पण किट मॉडेलच्या नंबराप्रमाणे येतं. हँडलवर कोरलेला नंबर ब्रशने घासून वाचा आणि चाकाचे दात मोजा. जुन्यांत २४ किंवा ३६ दात सापडतात, नव्यांत ७२ सर्रास. दात जुळले नाहीत तर ते किट बसेलच याची खात्री नाही. बिननावाचा स्वस्त रॅचेट असेल तर तसलाच नवा स्वस्तातला उघडून बघा, पुष्कळांचं पोट एकाच साच्यातलं असतं.

मोडका रॅचेट मिळेल तो जिथे ट्रकची कामं चालतात तिथे. जळगावात अजिंठा चौफुलीच्या आसपास, धुळ्यात जिथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्ते भेटतात त्या बाजूच्या गॅरेजांत विचारा, आणि भंगारवाल्याला सांगून ठेवा. जिनिंगच्या फिटरांनाही विचारा. हंगाम संपल्यावर ते पेट्या साफ करतात. भुसावळला जुनं हत्यार घेताना मात्र रेल्वेचा शिक्का आहे का ते बघा. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्यात माल आपल्याकडे कायदेशीर आलाय हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. पन्नास रुपयांच्या हँडलसाठी ते झेंगट कोण घेणार?

काहीच नाही मिळालं तर लेथवाल्याकडून खिटी घडवून घ्या. जुनी नमुन्याला द्या, साध्या पट्टीची करू देऊ नका, ती आठवड्यात गोल होईल. ओएचएनएस स्टील घ्यायला सांगा, तेलात पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक करायचं, आणि मग साधारण ३०० अंशांवर, निळा रंग येईपर्यंत टेम्पर करायचं, म्हणजे परत हलकं तापवून ठिसूळपणा काढायचा. टेम्पर न करता दिली तर काचेसारखी तुटते. झिजलेल्या दातावर वेल्डिंग भरतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, पाणी दिलेलं पोलाद वेल्डच्या कडेने तडकतं.

बसवताना घट्ट व्हील-बेअरिंग ग्रीस ठासून भरू नका. खिटी सुस्त होते आणि तेच घसरणं परत सुरू. पातळ ग्रीसचा हलका हात पुरे. मग वाइसमध्ये बोल्ट धरून दोन्ही बाजूंनी हळूहळू जोर वाढवत बघा, तोंड आणि बोटं बाजूला ठेवून. चाकाचे नट आणि पंपाच्या फ्लँजचे गंजलेले बोल्ट फोडायला तरीही टी-हँडलच वापरा, नट सुटला की मग रॅचेट लावा. रॅचेटला पाइप घालून लांब करणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि निम्म्या खिट्या तिथेच जातात. खोलल्यावर आतला फोटो टाका, कुठलं टोक गेलंय ते सांगतो.