आजोबांसाठी एवढी रडली नव्हती

“मॅडम, हिचे आजोबा गेले तेव्हा ही एवढी रडली नव्हती. आणि हे सर कोण, तर झेंडे फिरवायला शिकवणारे!”

टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहणाऱ्या, मूळ सोलापूरच्या एका आईने समुपदेशनाच्या कॉलवर मला ऐकवलेलं हे वाक्य. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी सोळा वर्षांची, शाळेच्या कलर गार्डमध्ये. तिचे प्रशिक्षक डिसेंबरच्या सुट्टीत अचानक गेले. महिना झाला तरी ती रात्री रडते, सरांचे जुने व्हिडिओ बघत बसते आणि आता गार्डच सोडते म्हणते. आईची काळजी नेहमीचीच: हे जरा अतीच होतंय का? तबल्याचे गुरुजी गेले किंवा क्रिकेटचे कोच गेले, तरी पालक हेच विचारायला येतात.

कलर गार्ड म्हणजे अमेरिकन हायस्कूलच्या मार्चिंग बँडसोबत मैदानात उतरणारा ताफा. सहा फुटी दांड्यांचे रंगीत झेंडे, बोथट तलवारी आणि लाकडी रायफली. रायफल म्हटल्यावर आईलाही आधी धडकी भरली होती, पण ती झाडायची नसते, हवेत गरगरत फेकून झेलायची असते. चार गिरक्या घेऊन हातात आली की तो ‘क्वाड’. अंदाज चुकला की मनगटावर निळे डाग. फुटबॉलचा हंगाम संपला की हिवाळ्यात हाच खेळ जिममध्ये चालतो. त्याची डब्ल्यूजीआय ही संस्था १९७७ साली स्थापन झाली, आणि दर एप्रिलला तिच्या अंतिम स्पर्धेसाठी ओहायोतल्या डेटनला गर्दी होते.

मी आईला विचारलं, “ही सरांसमोर किती वेळ असायची?” आठवड्यातल्या तीन संध्याकाळी, बरेचसे शनिवार, शिवाय ऑगस्टमधला बँड कॅम्प. आणि आजोबा? रविवारचा व्हिडिओ कॉल, दोन वर्षांतून एकदा सोलापूर. पुढचा हिशेब मला मांडावा लागला नाही.

मग आवाज खाली करून त्या म्हणाल्या, “काही वेगळं तर नसेल ना?” ही शंका पालकांनी मनात दाबून ठेवू नये, या मताची मी आहे. मुलीला मी सरळ विचारलं: सरांनी कधी काही लपवून ठेवायला सांगितलं होतं का? त्यांच्यासोबत एकटीला कधी अवघडल्यासारखं झालं होतं का? ती बुचकळ्यात पडली. “नाही हो. ते सगळ्यांवर सारखेच ओरडायचे.” पुढच्या बोलण्यातही खटकावं असं काही आलं नाही.

सुतक नसलेल्या दुःखाला बसायला जागाच नसते. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये समाज ज्याची दखल घेत नाही अशा दुःखाचा स्वतंत्र विचार मांडला, तो मला अशा वेळी फार उपयोगी पडतो. सर गेले म्हणून हिला भेटायला कोण येणार?

मुदतीचं म्हणाल, तर दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या दुःखाचं निदान तिथल्या मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये आपल्या यादीत घेतलं. त्यासाठी मुलांच्या बाबतीत किमान सहा महिने जावे लागतात, मोठ्यांच्या बाबतीत वर्ष. इथे जेमतेम महिना झाला होता. मात्र खाणं-झोप पार उडाली किंवा ‘मलाही जगायचं नाही’ अशी भाषा आली, तर महिने मोजत बसू नका. लगेच मदतीच्या क्रमांकावर फोन करा: तिथे ९८८ आहे, आपल्याकडे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

“सर कसे होते?” असं मी मुलीला विचारलं नाही. त्यावर “छान होते” एवढंच उत्तर येतं. “त्यांनी शिकवलेलं काहीतरी दाखव” म्हटलं. ती झेंड्याचा दांडा घेऊन आली. कापड दांड्याला चिकटपट्टीने कसं बसवायचं, पट्टी ताणून धरताना अंगठा कुठे दाबायचा, सुरकुती राहिली तर तळहात कसा सोलवटतो, हे सांगताना गडी थांबेचना. नंतर म्हणाली, नवे कोच वेगळ्या पद्धतीने पट्टी लावतात. आणि जानेवारीपासून तिचा एकही क्वाड हातात आला नव्हता. नव्या कोचसमोर झेलला तर सरांना विसरल्यासारखं होईल, असं तिला वाटत होतं.

“ही पट्टी नव्या मुलींना कोण शिकवणार?” मी विचारलं. बराच वेळ उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात तिने नव्या कोचना विचारून नववीच्या मुलींना जमिनीवर बसवलं आणि दांडे तयार करून घेतले. गार्ड सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

सगळ्या मुलींना शोमध्ये सरांच्या आवडत्या रंगाचा एक झेंडा हवा होता. आईला ते अशुभ वाटत होतं. मी म्हटलं, करू द्या. फक्त एक झेंडा पुरे, अख्खा शो श्रद्धांजलीचा नको. मुलींना झेलायचंही असतं. आणि जिला त्यात भाग घ्यायचा नाही तिला कुणी जबरदस्ती करू नये.

राहिले आजोबा. एकदा दोघी एकत्र बसल्या असताना मुलीनेच तो विषय काढला. “आजोबांना नेलं तेव्हा इथे रात्र होती. तू किचनमध्ये एकटी रडत होतीस. सकाळी माझी केमिस्ट्रीची टेस्ट होती. मी कोणाजवळ रडणार होते?” आईला हे माहीतच नव्हतं. त्यानंतर त्या कॉलवर मला फारसं काम उरलं नाही. आजोबा शेंगाची चटणी स्वतः कुटायचे की आजीकडून कुटून घेऊन आपलं नाव सांगायचे, यावर दोघींची चांगलीच जुंपली होती.