वाचकांचे प्रश्न : बोकडाच्या आतड्यापासून सेल लाईन

प्रश्न : कत्तलखान्यातून आणलेल्या बोकडाच्या लहान आतड्यातून कोलॅजिनेज या विकराने पेशी सुट्या करते. अस्तराच्या पेशी दोन दिवसांत मरतात. उरतात त्या लांबट पेशी. त्यांच्यातच एसव्ही-४० या विषाणूचे टी-अँटिजेन (पेशींना विभागत ठेवणारे प्रथिन) घालून सेल लाईन, म्हणजे प्रयोगशाळेत कायम वाढत राहणाऱ्या पेशी, करता येईल का?
– एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नको. त्या लांबट पेशी फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीच्या पेशी, आहेत. त्या अमर झाल्या तरी आतड्याच्या अस्तराची सेल लाईन होणार नाही. गडबड जनुक घालण्याच्या आधीच, पेशी सुट्या करताना होते आहे.

कोलॅजिनेज खालचा संयोजी थरही विरघळवते. त्याऐवजी ईडीटीए घ्या. ते कॅल्शियम ओढून घेते, पेशींमधले सांधे सुटतात आणि क्रिप्ट (अस्तरातले खळगे, जिथे नव्या पेशी तयार होतात) अखंड निघतात. जनावर कापल्याबरोबर आतडे अँटिबायोटिक घातलेल्या थंड पीबीएसमध्ये (क्षारांचे बफर द्रावण) बुडवून बर्फात आणा. उशीर झाला की अस्तर स्वतःच गळू लागते. चीर देऊन पाणी नितळ होईपर्यंत धुवा, मग ४ अंशांवर ५ मिलीमोलर ईडीटीएमध्ये अर्धा तास ठेवा, हलवा, ७० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. क्रिप्टचे एकेका पेशीत तुकडे करू नका. आधार सुटलेली अस्तराची पेशी काही तासांत आत्मनाश करते, तुमच्याकडे बहुधा हेच होते आहे. म्हणून प्लेटला कोलॅजेनचा लेप हवा, माध्यमात ईजीएफ (वाढीला चालना देणारे प्रथिन), इन्शुलिन आणि सुरुवातीचे दोन दिवस हा आत्मनाश रोखणारे वाय-२७६३२ हे रसायन १० मायक्रोमोलर.

तरीही थोडे फायब्रोब्लास्ट येतातच. क्रिप्ट आधी लेप नसलेल्या प्लेटमध्ये तासभर ठेवा. फायब्रोब्लास्ट लवकर चिकटतात, तरंगणारे क्रिप्ट काढून घ्या. पुढे ट्रिप्सिन देताना पहिल्यांदा सुटतील त्या पेशी फेकून द्या.

वसाहती वाढू लागल्या की जनुक पेशीत नेणारा लेंटिव्हायरस द्या, सोबत विषाणूला पेशीत शिरायला मदत करणारे पॉलिब्रीन ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली. जनुक न मिळालेल्या पेशी मारणाऱ्या प्युरोमायसिनची मात्रा दुसऱ्याची उसनी घेऊ नका, विषाणू न दिलेल्या पेशी तीन-चार दिवसांत मरतील ती आपली मात्रा. टी-अँटिजेन पी-५३ आणि आरबी या विभागणी रोखणाऱ्या प्रथिनांना अडवते, पण टेलोमिअर (गुणसूत्रांची टोके) झिजतच राहतात. नंतर वाढ अचानक थांबू शकते, म्हणून सोबत ही टोके पुन्हा लांबवणाऱ्या टर्टचे जनुक द्या. सतत विभागणाऱ्या पेशी परिपक्व होत नाहीत. शोषणाचा अभ्यास करायचा असेल तर ३३ अंशांवर चालणारे आणि ३९ वर निकामी होणारे टी-अँटिजेन निवडा.

सायटोकेरॅटिन-१८ आणि ई-कॅडहेरिन या अस्तराच्या पेशींच्या खुणा दिसल्या पाहिजेत, व्हायमेंटिन (फायब्रोब्लास्टची खूण) आहे की नाही एवढ्यावर भागवू नका. मायकोप्लाझ्मा या लपून वाढणाऱ्या जिवाणूची तपासणी करून सुरुवातीच्याच पिढीच्या कुप्या १० टक्के डीएमएसओत (गोठताना पेशी वाचवणारे रसायन), मिनिटाला एक अंश या गतीने गोठवा. लेंटिव्हायरसला हात लावण्यापूर्वी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी मात्र आधी घ्या.