सगळा दोष हेल्मेटला देऊ नकोस

प्रिय मित्रा,

आइस हॉकीत कन्कशन (डोक्याला धक्का बसून मेंदूला होणारी इजा) का वाढली, यावरचा तुझा मसुदा वाचला. कळकळ जाणवली, पण सगळा रोख हेल्मेटवर आहे, आणि तो मला पटला नाही. हेल्मेट मुख्यतः कवटी फुटू नये म्हणून असतं. धडकेने डोकं गर्रकन फिरतं आणि आतला मेंदू पिळवटतो, तेव्हा बाहेरचं कवच फारसं काही करू शकत नाही. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगने 1979 मध्ये नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं केलं. कन्कशन त्यानंतरही होतच राहिली.

माझ्या मते खरं कारण वेगात शोधायला हवं. 2005-06 च्या हंगामापासून एनएचएलने मधल्या लाल रेषेपलीकडच्या लांब पासवरची बंदी उठवली आणि प्रतिस्पर्ध्याला धरून, स्टिक अडकवून रोखणाऱ्यांना कडक शिक्षा सुरू केली. खेळ देखणा झाला. पण पूर्वी ज्याचा वेग वाटेतच तुटायचा, तो खेळाडू आता भरधाव येऊन आदळतो. वेग दीडपट झाला की धडकेतली ऊर्जा सव्वादोन पट होते, हे गणित मसुद्यात यायलाच हवं. खेळाडू पूर्वीपेक्षा धिप्पाड झाले, रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, मात्र 200 बाय 85 फुटांचंच राहिलं. खांद्यावरचे टणक पॅडही विसरू नकोस. समोरच्याच्या जबड्यावर ते हत्यारासारखे बसतात.

आता आकड्यांबद्दल. वाढ दिसते त्यातला काही भाग निदानाचा आहे. पूर्वी भोवळ आलेला खेळाडू बाकावर जरा टेकायचा आणि पुन्हा बर्फावर उतरायचा. त्याची नोंद कुठे होणार? जानेवारी 2011 मध्ये एनएचएलमधला आघाडीचा खेळाडू सिडनी क्रॉस्बी याला चार दिवसांत दोन जबर धडका बसल्या. पहिलीनंतरही तो पुढचा सामना खेळला, आणि मग नोव्हेंबरपर्यंत बाहेर राहिला. एवढा मोठा खेळाडू इतके महिने दिसेनासा झाला, तेव्हा लोक या दुखापतीकडे गांभीर्याने पाहू लागले. म्हणून नोंदी वाढल्या किती आणि धडका वाढल्या किती, हे वेगळं करून लिही. अवघड आहे, पण ते टाळून निष्कर्ष काढू नकोस.

मुलांच्या हॉकीला तू दोनच ओळी दिल्यास, त्याचं वाईट वाटलं. अंगावर धडक मारायची मुभा कोणत्या वयापासून द्यायची, यावर तिथे खरा फरक पडतो. अमेरिकेत 2011 मध्ये आणि कॅनडात 2013 मध्ये ही वयोमर्यादा वाढवली गेली. त्या वयात एक मुलगा दुसऱ्याच्या दीडपट वजनाचा असू शकतो. हा भाग नव्याने लिहून आधी तोच मला पाठव.

तुझा,
जुना मार्गदर्शक