सुमो-१ ची ती लोंबणारी शेपटी

प्रश्न: मुलीच्या बायोटेकच्या पुस्तकात सुमो-१ या प्रोटीनचं चित्र पाहिलं, मधे नीट घडी आहे पण एका टोकाला नुसते दोरे विस्कटलेत, एकावर एक वीसेक. छपाई बिघडलीय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही हो, छपाई एकदम ओके आहे! सुमो-१ म्हणजे युबिक्विटिनचा (दुसऱ्या प्रोटीनांना खुणेसारखं चिकटणारं छोटं प्रोटीन) चुलतभाऊ, तयार झाल्यावर फक्त ९७ अमिनो आम्लांचा (प्रोटीनच्या माळेतले मणी), आणि त्याची रचना १९९८ मध्ये एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंमधली अंतरं मोजायच्या पद्धतीने, काढली. त्यात एकच चित्र मिळत नाही, मोजमापात बसणारी बरीच मॉडेल्स मिळतात, ती एकमेकांवर ठेवली की मधला भाग, म्हणजे बीटा पट्ट्यांची चादर आणि तिला टेकलेलं हेलिक्स (स्प्रिंगसारखी गुंडाळी), बरोब्बर जुळतो, पण सुरुवातीची साधारण २० अमिनो आम्लं प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळीकडेच, कारण ती खरंच एका जागी थांबत नाहीत. युबिक्विटिनला ही शेपटी नाहीच.

बरं, दुसरं टोकही थोडं सैलच असतं आणि ते असायलाच हवं, कारण तिथल्या दोन ग्लायसीननी सुमो दुसऱ्या प्रोटीनच्या लायसीनला चिकटतो (ग्लायसीन, लायसीन ही अमिनो आम्लंच), ताठ टोक हे चिकटवणाऱ्या एन्झाइमच्या अरुंद खाचेत शिरणार कसं?

सुरुवातीची शेपटीही फुकटची नाही. सुमो-२ आणि ३ या त्याच्या भावंडांमध्ये तिच्यावरच ११ व्या जागी लायसीन असतं, तिथे पुढचा सुमो जोडून साखळी बनते. सुमो-१ मध्ये तशी जागा नाही, म्हणून तो बहुतेक एकटाच चिकटतो.