बुरण्याचं काय करायचं?

पत्र श्टुटगार्टहून आलंय. लांबलचक आहे, म्हणून गाभा तेवढा सांगते. नवरा मुलुंडचा, पत्र लिहिणारी अकोले तालुक्यातली. 2018 साली दोघं जर्मनीला गेली आणि ब्रूनो नावाचा लॅब्रॅडोर सासूबाईंकडे राहिला. सासूबाई मूळच्या पाटणकडच्या. मुंबईत पंचेचाळीस वर्षं काढली, पण ब्रूनो काही त्यांच्या तोंडी बसला नाही. त्या त्याला बुरण्या म्हणतात आणि तोही त्याच नावाला उठतो. उठायचा, म्हणायला हवं. आता तेरा वर्षांचा आहे, मूत्रपिंडं निकामी होत आलीत, मागचे पाय धरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता झोपवायचा विचार करा. मुलगा तयार झाला. आई म्हणाली, "माझ्या घरात मुक्या जिवाला सुई टोचून मारायचं नाही. उद्या मी अंथरुणाला खिळले तर मलाही देणार का इंजेक्शन?" मुलाने फोन ठेवला. तेव्हापासून मायलेकांचं बोलणं 'जेवलास का, जेवलीस का' एवढ्यावर आलंय.

पत्राच्या शेवटी ती लिहिते, "शेजारच्या जर्मन आजींनी डॉक्टरांना घरी बोलावून त्यांच्या कुत्र्याला झोपवलं आणि चार दिवसांनी कॉफी पिताना मला शांतपणे सांगितलं. माझ्या अंगावर काटा आला. काकू, मी गावची आहे म्हणून मला असं होतं का? मी कोणाची बाजू घेऊ?"

बाजूचं नंतर बघू. आधी ते 'गावची आहे म्हणून' काढून टाक.

माझं लहानपण वाईच्या पलीकडच्या एका गावात गेलं. आजोबांचा एक बैल ओढ्यात घसरून पडला, पाय मोडला. त्या काळी तिथे डॉक्टर कुठला. चार दिवस तो गोठ्यात पडून होता. दर दोन-तीन तासांनी चार माणसं पोटाखालून बांबू घालून त्याची कूस बदलायची, नाहीतर कातडी सडते. आजोबा उशाशी बसून चुळकाचुळकाने पेज पाजायचे. पाचव्या दिवशी तो गेला. बांधावर खड्डा खणून, मीठ घालून पुरला. आजोबा तीन दिवस जेवले नाहीत. हे मी कुणालाही डोळ्यांत पाणी आणून सांगू शकते, आणि बरीच वर्षं सांगतही होते.

मग एकदा आईने आठवण करून दिली, की त्याच गोठ्यातला दुसरा बैल म्हातारा झाला तेव्हा त्याला 'बाजार दाखवला' होता. मंगळवारी पहाटे नेला, संध्याकाळी आजोबा एकटे परत आले. तो कुठे गेला हे घरात कोणी विचारलं नाही. म्हणजे गावात जनावराला मारत नव्हते हे खरं. पण विकत होते, आणि पुढचं दुसऱ्याच्या पदरात टाकत होते. आता तोही रस्ता राहिला नाही. 2015 पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि भाकड जनावर पोसायचं कसं हा प्रश्न शेतकऱ्याच्या दारात तसाच उभा आहे. तेव्हा 'गावात माया, शहरात सुई' असं कोणी सांगितलं तर मी तरी मान डोलावणार नाही.

शहराचंही तेच. 1832 साली कंपनी सरकारने मुंबईतली मोकाट कुत्री मारायची मोहीम वाढवली, तर त्यावरून चक्क दंगल उसळली. त्यात पुढे होते फोर्टातले पारशी. दोन वर्षांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला, त्यामागे जमशेटजी जीजीभॉय होते. परळचं जनावरांचं हॉस्पिटल, ज्याला सगळी मुंबई बैलघोडा म्हणते, ते 1883 सालचं. आणि 1928 साली साबरमतीच्या आश्रमात गांधीजींनी तळमळणाऱ्या वासराला डॉक्टरकडून इंजेक्शन देववलं, तेव्हा संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. तुझ्या सासूबाईंचा आणि नवऱ्याचा वाद चांगला शंभर वर्षांचा जुना आहे, आणि तो गाव-शहराच्या वेशीवर कधीच थांबला नव्हता. जर्मनीबद्दलही एक सांगते. तिथल्या कायद्याने सबळ कारणाशिवाय जनावराचा जीव घेता येत नाही. त्या आजी शांत दिसल्या त्या चार दिवसांनंतर. आधीचे चार महिने तू पाहिलेले नाहीस.

खरी मेख मला तुझ्या पत्रातल्या एका ओळीत सापडली, आणि ती तू कंसात टाकली आहेस: 'सकाळी कामाच्या ताई येतात, त्याच त्याला उचलून बाल्कनीत नेतात.'

तीस किलोचं कुत्रं. त्याला खांद्याखालून आणि मांड्यांखालून उचलणारी, त्याचं मुतलेलं फडकं पिळणारी बाई ती. उचलताना तो कुठे हात लागला की कण्हतो हे तिला माहीत. तिला कोणी विचारलंय? श्टुटगार्टमधून नवऱ्याला दिसतो तो तीन मिनिटांचा बुरण्या. फोनमधून त्याचा आवाज आला की शेपटी आपटणारा, किंवा नेमका त्या वेळी ओकणारा. सासूबाईंना दिसतो तो दुपारी त्यांच्या पायाशी झोपलेला बुरण्या. तिघांचे तीन बुरण्या आहेत, आणि भांडण त्यावरून चाललंय. तेव्हा उद्याच फोन करून त्या ताईंशी बोल. सासूबाईंना सांगून बोल, त्यांच्या पाठीमागे नको.

त्यानंतर, सुईचा विषय न काढता, एवढं करून घे.

मुलुंडच्या घरातल्या लाद्या गुळगुळीत असणार. मागचे पाय गेलेलं कुत्रं लादीवर उभं राहायला बघतं, पाय फाकतात, घसरतं, मग घाबरून प्रयत्नच सोडतं. पाण्याच्या वाटीपासून बाल्कनीपर्यंत रबरी मॅट नाहीतर जुनी जाड सतरंजी अंथरा. काही कुत्री एवढ्यावरही चार पावलं टाकतात. मग डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: मळमळीवर औषध चालू आहे का, आणि दुखण्यावर काय देताय? मूत्रपिंडं गेली की तोंडात व्रण येतात, पोटात सतत ढवळतं. कुत्रं रुसून उपाशी राहत नाही, त्याला घासच नको होतो. आपल्या मनाने डोकेदुखीची गोळी मात्र कोणी देऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या त्या मूत्रपिंडांना आणखी मारतात.

आणि सलाईन. हे घरी देता येतं, डॉक्टर शिकवतात. मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची, तिचा तंबू होतो, त्यात सुई. पाणी आत गेलं की कातडीखाली लिंबाएवढा, मग मोसंबीएवढा फुगा येतो आणि हळूहळू खांद्यावरून खाली उतरत जातो. बघायला विचित्र, पण त्याला फार दुखत नाही, आणि त्यानंतरचा दिवस बहुधा बरा जातो. सासूबाईंना सुईचं वावडं वाटलं तर त्यांना एकनाथांची आठवण करून दे. काशीची कावड रामेश्वराला न नेता वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली ना त्यांनी? हीही कावडच आहे.

त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकत असेलच. त्यातल्या रोजच्या चौकोनात त्यांनी स्वतः खूण करायची. खाल्लं का, पाणी प्यायला का, आपणहून उठला का, रात्री विव्हळला का. बरा दिवस असेल तर बरोबर, नाहीतर फुली. दूध आलं-नाही आलं मांडतात तसंच. हिशेब त्यांच्याच हातचा असू दे. तीन आठवड्यांनी त्या चौकोनांकडे बघून त्या आपणहून काय बोलतात ते ऐक. नवऱ्याने तोवर गप्प बसायचं. हे त्याला जड जाईल, पण पैसे पाठवणाऱ्याला निकाल द्यायचा हक्क मिळतो ही समजूत त्याने विमानतळावरच सोडायला हवी होती.

आता 'मलाही देणार का' याबद्दल. 'असं काय बोलता आई' म्हणून ते झटकू नकोस. सरळ उत्तर दे: नाही, माणसाला देता येत नाही, आपल्या कायद्यात तो गुन्हा आहे. केईएममधल्या नर्स अरुणा शानभाग, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं तिथेच भान हरपून पडून असलेल्या, त्यांना नक्की आठवत असतील. 2011 साली सुप्रीम कोर्टाने त्यांच्यासाठी दयामरण मागणारी याचिका फेटाळली, कारण ज्या नर्सेसनी सदतीस वर्षं त्यांना भरवलं, पुसलं, त्या नको म्हणाल्या. माणसाची आणि कुत्र्याची बरोबरी मी करत नाही. पण ज्याचा हात रोज लागतो त्याला आधी विचारायचं, हे मला त्या निकालातलं फार पटलं. कायद्याचं सांगून झालं की त्यांच्या प्रश्नातला दुसरा अर्धा उरतो: मी पडले तर कोण येणार? त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे का? नसेल तर आधी ते नवऱ्याशी बोलून ठरवा आणि मगच आईंना फोन लावा. कोरडं 'आम्ही आहोत ना' त्यांना ऐकू येणार नाही.

समजा चौकोनांत फुल्याच जास्त झाल्या आणि त्या हो म्हणाल्या, तर काय होतं ते सगळ्यांना आधी माहीत असू दे. माझ्या मांजरीच्या वेळी दवाखान्याने आधी बिल घेतलं, मला बाहेर बसवलं आणि दहा मिनिटांनी टोपली हातात दिली. तिचे डोळे उघडे होते. ती जिवंत आहे म्हणून मी कंपाउंडरशी भांडले. कोणी सांगितलंच नव्हतं, की डोळे मिटत नाहीत. डॉक्टरांना आधीच विचारा, पहिलं इंजेक्शन गुंगीचं देणार ना? तो गाढ झोपला की मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात, काही मिनिटांत हृदय थांबतं. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, अंग थरथरतं, लघवी होते. तेव्हा तो त्यात नसतो. लेखी संमती घेतात, तिच्यावर सही सासूबाईंची असू दे. मुलुंडला घरी येणारे डॉक्टर मिळतील. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर बैलघोडा आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं मोठं हॉस्पिटल 2024 साली सुरू झालंय. पाटणला नेऊन पुरायचा हट्ट झाला तर मोडू नका, पण भर पावसात तेवढा प्रवास जमणार नाही. मालाडला महापालिकेची पाळीव प्राण्यांसाठीची दहनभट्टी 2023 पासून आहे.

आणि त्या नाहीच म्हणाल्या, तर मळमळीचं आणि दुखण्याचं औषध चालू ठेवून, सतरंजीवर, त्यांच्या पायाशी तो जाईल. हेही चालेल. चालणार नाही ते एकच: औषध बंद, विषय बंद आणि कुत्रं बाल्कनीत.

बाजूचं विचारलंस ना. तू नवऱ्याला तिकीट काढायला लाव. बातमी आल्यावरचं नको, आत्ताचं. सलाईनवर थोडे दिवस तग धरेल, पण मनासारखा मुहूर्त तो तुम्हाला देणार नाही. येणं जमलंच नाही, तर त्या वेळी व्हिडिओ कॉल लावायचा आग्रह धरू नका. घरात माणसं दोनच, आणि फोन धरायला त्यातला एक हात जातो.